नशीब म्हणजे वाटा

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

माणूस गेला की आपल्याकडे दोन विषयांवर बोलणं होतं. आधी नशिबावर आणि मग वाट्यावर. भेटायला येणारे ओसरीवर टेकतात, खाली बघत म्हणतात, ‘त्याच्या नशिबात तेवढंच होतं.’ आमच्यात तिसऱ्या दिवशी जियारत होते, पुढे चाळिसावा होतो. शेजारच्या घरी दहावा-तेरावा होतो. तोवर नशीब चालू असतं. तेराव्याचे पाहुणे पांगले, चाळिसाव्याची डेग घासून परत गेली, की थोरला भाऊ कपाटातली फाईल काढतो. मग शेत किती, घर कुणाच्या नावावर, बहिणींचं काय, हे सुरू होतं. आज मला सांगायचं आहे ते एवढंच, की हे विषय दोन नाहीत. नशीब या शब्दाचा मूळ अर्थच वाटा असा आहे. आणि तोही बऱ्याचदा मेलेल्या माणसाने मागे ठेवलेल्यातला वाटा.

शब्द अरबी आहे, नसीब. अरबीत बहुतेक शब्द तीन अक्षरांच्या धातूवर उभे असतात. इथले तीन वर्ण नून, साद आणि बे. अर्थ, उभं करणं, रोवणं, नेमून ठेवणं. इस्लामपूर्व अरबस्तानात पूजेसाठी जे दगड रोवले जात त्यांचं नावही याच धातूतून आलं. माणसाला जिथे नेमलं ती जागा म्हणजे मन्सब; मोगलांचे मनसबदार तिथूनच आले. जकात द्यायला किती मालमत्ता असावी लागते, त्या ठरलेल्या मर्यादेला निसाब म्हणतात. आणि एखाद्यासाठी मांडून, नेमून ठेवलेला हिस्सा तो नसीब. ताटात वाढून ठेवावा तसा.

मराठीत तो आला फारसीच्या हाताने. १३४७ साली बहमनी राज्य झालं, त्यानंतर काही शतकं दख्खनच्या दप्तरात फारसी नांदली आणि शेकडो शब्द चावडीवरून घरात शिरले. येताना मराठीने त्यांना आपल्या वळणावर घेतलं. सिपाहीचा शिपाई केला, सिक्क्याचा शिक्का, हिसाबाचा हिशेब, तसा नसीबचा नशीब. आमच्या घरात दखनी बोलतात, तिथे तो अजून नसीबच आहे. शाळेत गेलो की त्याचा श व्हायचा. लहानपणी मला वाटायचं हे दोन वेगळे शब्द आहेत, एक घरचा आणि एक शाळेचा. उर्दूत तो पुल्लिंगी. मराठीने त्याला नपुंसकलिंगी केलं, ‘ते नशीब’. पुढे तर त्याला संस्कृतचा प्रत्यय लावून ‘नशीबवान’ केलं. अरबी अंगावर संस्कृत शेपूट, आणि कुणाला ते खटकतही नाही.

परके शब्द काढून टाकायचे प्रयत्न आपल्याकडे बरेच झाले. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार झाला, त्यात दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. विसाव्या शतकात भाषाशुद्धीची चळवळ झाली. नशिबाला तर पर्याय शोधायचीही गरज नव्हती; दैव, भाग्य, प्रारब्ध, संचित, अदृष्ट, नियती असे अर्धा डझन घरात बसलेले होते. तरी ते हललं नाही. दैव रागावतं, भाग्य उजळतं, नियती नाटकात आणि अग्रलेखात भेटते. पण दूध उतू गेलं, एसटी चुकली, मुलीला चांगलं सासर मिळालं, की तोंडात येतं ते नशीबच. ‘नशीब काढलंस बाई!’ हे वाक्य दुसऱ्या कुठल्याही शब्दावर चालत नाही.

आता वाटा दैवापर्यंत कसा पोचला ते बघू. त्यासाठी इस्लामच्या आधीच्या अरबस्तानात जावं लागतं. तिथे हिवाळ्याच्या टंचाईत एक जुगार खेळत, मैसर नावाचा. एक उंट कापायचा, त्याचे भाग करायचे आणि ते कुणाला किती हे बाणांवर ठरवायचं. बाण फळाविना, नुसत्या काड्या. सात बाणांवर एक ते सात खुणा असत, काही बाण कोरे. पिशवीत हात घालून एकेक बाण काढायचा. ज्याच्या नावाने सात खुणांचा निघाला त्याला सर्वांत मोठा हिस्सा. ज्याचा कोरा निघाला त्याने उंटाची किंमत भरायची. जुनी वर्णनं सांगतात की जिंकणारे आपल्या वाट्याचं मांस गोरगरिबांना देऊन टाकत आणि त्यावरच मोठेपणा मिरवत. असेच बाण मंदिरात ठेवून प्रवासाला निघावं की नाही, हाही कौल घेत. कुराणाने हे दोन्ही प्रकार बंद केले. पण भाषेतले बाण कोण काढणार? अरबीत ‘सहम’ म्हणजे बाण, आणि सहम म्हणजेच हिस्सा. आजही अरब देशांत कंपनीच्या शेअरला हाच शब्द आहे. आणि बाणांनी वाटा काढण्याच्या त्या क्रियेला जो धातू वापरला जाई तो काफ-सीन-मीम, म्हणजे वाटणं. त्यातूनच निघाला नशिबाचा सख्खा भाऊ, किस्मत. किस्मत म्हणजे वाटणी. कासिम म्हणजे वाटणी करणारा. आमच्या गल्लीतले एक कासमभाई बिर्याणीची डेग उघडून ताटं भरायला नेहमी पुढे असायचे, त्यांना हा अर्थ माहीत असण्याचं कारण नव्हतं.

याच धातूचा आणखी एक शब्द मराठीत आहे, तो आता फक्त इतिहासाच्या अभ्यासकांना भेटतो. तक्षीम. देशमुखी, पाटीलकी, कुलकर्ण वतनांच्या जुन्या कागदांत तक्षिमा आणि तक्षीमदार जागोजाग येतात. तक्षीम म्हणजे वतनातला भावाचा हिस्सा. ती मिळावी म्हणून लोक पिढ्यान् पिढ्या भांडले, गोतसभेपुढे गेले, महजर करून घेतले. म्हणजे मराठी माणसाकडे एकाच घरातले दोन अरबी शब्द आले. त्यातल्या तक्षिमेसाठी तो डोकी फोडायला तयार होता आणि किस्मत म्हटलं की गप्प बसत होता. भांडणालाही आपण नाव दिलं ते भाऊबंदकी. ‘बहीणबंदकी’ हा शब्द मराठीत नाही. कारण बहिणी त्या भांडणात धरल्याच जात नव्हत्या.

हे सगळं अरबांचंच, असं मात्र कुणी समजू नये. आपल्या ‘भाग्य’ शब्दाकडे बघा. त्यात भाग उघड दिसतोय. संस्कृतात भज् धातूचा एक मूळ अर्थ वाटून देणं, वाटा घेणं. ऋग्वेदात भग नावाचा देव आहे, तो वाटे देणारा देव. ब्राह्मणग्रंथांत तो आंधळा असल्याचं येतं, आणि दक्षयज्ञाच्या पुराणकथेतही त्याचे डोळे जातात. वाटणी करणारा देव आंधळा, ही कल्पना ज्याला सुचली त्याने बऱ्याच वाटण्या जवळून पाहिल्या असाव्यात. भज् धातूपासूनच ‘भक्त’ हा शब्द झाला. त्याचा जुना अर्थ वाटून दिलेलं, वाढलेलं अन्न असाही आहे, आणि त्याचंच पुढे मराठीत ‘भात’ झालं. इराणच्या बाजूला हाच शब्द ‘बख्त’ झाला, म्हणजे नशीब. ‘कमबख्त’ ही शिवी देताना आपण समोरच्याला अल्पभागी म्हणत असतो. म्हणजे भक्त, भात आणि कमबख्त ही एका घरातली मंडळी. ग्रीक लोकांची दैवदेवता मोइरा, तिच्या नावाचा अर्थ भाग. होमरच्या काव्यात पंगतीतल्या मांसाच्या तुकड्यालाही तोच शब्द येतो. इंग्रजीतला लॉट म्हणजे चिठ्ठी, जमिनीचा तुकडा आणि नशीबही. आपल्या बाजारात तो कापडाचा लॉट होऊन राहिला. इतक्या लांबलांबच्या लोकांना दैव म्हटल्यावर आधी ताटातला वाटा आठवला, यात नवल नाही. भुकेच्या दिवसांत शिकारीतलं किती आपल्या पुढ्यात येतं, यावरच जगणं-मरणं ठरत होतं.

कुराणात नसीब हा शब्द बऱ्याच ठिकाणी येतो. एखाददुसऱ्या जागी तो दैवाच्या जवळ जातो, पण बहुतेक ठिकाणी साधा हिस्सा याच अर्थाने आहे. मरणाच्या वेळेसाठी तिथे वेगळा शब्द आहे, अजल. अजल म्हणजे ठरलेली मुदत. कर्ज किती मुदतीने फेडायचं, ते लिहून ठेवा, असं सांगणारी एक लांबलचक आयत आहे, तिथेही मुदतीला हाच शब्द आहे. तेव्हा माणूस कधी मरणार ही झाली अजल. ती आपल्या हातात नाही, ती मागे-पुढे होत नाही. आणि तो मेल्यावर मागे उरलेल्यांना काय मिळणार, हा झाला नसीब. हा पूर्ण माणसांच्या हातात. माझ्या मते सगळी गोष्ट या फरकात आहे. आपण पुढे दोन्हींची गाठ मारली, आणि जे माणसांनी द्यायचं होतं तेही आभाळावर ढकललं.

कुराणाच्या चौथ्या सूरेचं नावच निसा, म्हणजे स्त्रिया. तिच्यात एक आयत आहे. तिचा आशय असा, की आईबाप आणि जवळचे नातेवाईक जे मागे ठेवतात त्यात पुरुषांचा नसीब आहे आणि स्त्रियांचाही नसीब आहे, मग ते थोडं असो की फार. आणि हा हिस्सा बंधनकारक आहे. हे का सांगावं लागलं? त्या काळच्या अरबी टोळ्यांत वारसा त्यालाच मिळे, जो घोड्यावर बसून लढू शकतो. बायकामुलांना काही नाही. इ. स. ६२५ मध्ये मदिनेजवळ उहुदची लढाई झाली. तीत सअद बिन रबी नावाचे मदिनेचे एक गृहस्थ मारले गेले. परंपरा अशी सांगते की त्यांची विधवा दोन मुलींचे हात धरून पैगंबर साहेबांकडे आली. मुलींच्या काकाने सगळी मालमत्ता घेतली होती आणि हातात काही नसताना या मुलींशी लग्न कोण करील, असा तिचा सवाल होता. त्यानंतर वाट्यांचे अपूर्णांक सांगणारी आयत आली. काकाला बोलावून सांगण्यात आलं की दोन तृतीयांश मुलींना दे, एक अष्टमांश त्यांच्या आईला दे, आणि उरेल ते तुझं.

हिशेब करून बघा. चोवीस वाटे धरले तर सोळा मुलींचे, तीन विधवेचे, पाच काकाचे. काल संध्याकाळपर्यंत सगळं आपलं समजणाऱ्या माणसाला चोविसातले पाच. तो काय म्हणाला, याची नोंद माझ्या वाचनात आलेली नाही. पण गावाकडच्या वाटण्या पाहिलेल्या कुणालाही त्याचा चेहरा डोळ्यापुढे आणता येईल.

हे अपूर्णांक फार पेच निर्माण करत. वारस वाढले की बेरीज जुळत नसे. त्यातून वारसाहक्काचं एक वेगळं शास्त्रच झालं आणि त्या शास्त्राने गणिताला हात दिला. नवव्या शतकात बगदादला खलिफा अल्-मामूनच्या आश्रयाला मुहंमद बिन मूसा अल्-ख्वारिझ्मी हा गणिती होता. (बगदादच्या नावाची एक फोड ‘देवाने दिलेलं’ अशी करतात, त्यातला बग म्हणजे आपला भगच.) त्याच्या पुस्तकाच्या नावातल्या ‘अल्-जब्र’वरून अलजिब्रा हा शब्द आला, हे शाळेत सांगतात. त्या पुस्तकाचा मोठा भाग मृत्युपत्रं आणि वारसांच्या वाटण्यांच्या उदाहरणांनी भरलेला आहे, हे सांगत नाहीत. एक माणूस मेला, त्याच्यामागे इतके मुलगे, इतक्या मुली, एकाचं कर्ज, दुसऱ्याला काही द्यायचं राहिलेलं. सांगा कुणाला किती. दहावीत ज्या ‘क्ष’ने मला रडवलं, त्याच्या मुळाशी कुणाचा तरी न मिळालेला वाटा होता. हे पुस्तक इंग्रजीत आलं १८३१ साली, फ्रेडरिक रोझेनच्या हातून. त्याच साली इकडे मुंबईत मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश छापला गेला. पण तोवर मराठीतलं नशीब आपला हिशेब विसरलेलं होतं.

कसं विसरलं? एक कारण असं असावं. दैवाची कल्पना माणसाने दोन चित्रांत केली आहे. एक वाट्याचं, दुसरं लेखाचं. आपल्याकडे दुसरं चित्र फार खोल आहे. मूल जन्मल्यावर सटवाई येते आणि कपाळावर लिहून जाते. त्या रात्री बाळाजवळ कोरा कागद आणि लेखणी ठेवायची रीत कितीतरी घरांत होती. खेड्यातल्या मुसलमान घरांतही छठीची रात्र जागवतात. फारसी कवितेतही कपाळावरचं लिखाण आहेच. लेखाशी भांडता येत नाही. तो कोणी लिहिला हे दिसत नाही, वाचता येत नाही, खोडता येत नाही. वाट्याचं तसं नाही. वाटा मोजता येतो, मागता येतो, कमी पडला तर कुणी कमी दिला हे विचारता येतं. नशीब हा शब्द वाट्याच्या घरात जन्मला आणि लेखाच्या घरी दत्तक गेला. म्हणून आपण ‘नशिबात लिहिलेलं’ असं म्हणतो. वाट्यात लिहिलेलं, असं कधी कुणी म्हणेल का? दत्तक गेलेल्या मुलाचा जुन्या घरातला हक्क जातो म्हणतात. या शब्दाचं तसंच झालं.

आणि याचा फटका ज्यांना बसला त्या बहुतेक बायका होत्या. मुंबईतलीच एक नोंद आहे. १८४७ साली इथल्या सुप्रीम कोर्टात खोजा आणि मेमन समाजांतल्या वारशाचे खटले आले. कायद्याच्या पुस्तकांत खोजांचा खटला ‘हिरबाई विरुद्ध सोनबाई’ या नावाने प्रसिद्ध आहे. मुलींची मागणी होती की आम्ही मुसलमान आहोत, तेव्हा बापाच्या मालमत्तेत कुराणाने दिलेला हिस्सा आम्हाला मिळावा. समोरून सांगण्यात आलं की आमच्या समाजात मुलींना वारसा न देण्याची जुनी रूढी आहे. हे समाज हिंदूंतून आलेले. वारशाची रीत त्यांनी जुनीच ठेवली होती. सर अर्स्किन पेरी यांनी रूढीच्या बाजूने निकाल दिला. मुली हरल्या. म्हणजे ग्रंथात ज्याला बंधनकारक नसीब म्हटलं आहे तो त्यांनी कोर्टात मागितला आणि हाती आलं ते मराठीतलं नशीब.

पुढे नव्वद वर्षांनी, १९३७ साली शरीयत कायदा झाला आणि रूढीऐवजी शरीयतप्रमाणे वारसा देण्याचं ठरलं. १९३८ साली कच्छी मेमनांसाठी वेगळा कायदा होऊन तेही त्यात आले. पण १९३७च्या मूळ कायद्यात एक पाचर होती, शेतजमिनीचे प्रश्न त्यातून वगळले होते. ज्या देशात मागे ठेवण्यासारखी वस्तू म्हणजे बहुतेकांकडे शेतच, तिथे शेत वगळून मुलींना हिस्सा द्यायचा, म्हणजे पंगत वाढायची आणि भात तेवढा वगळायचा.

हिंदू घरांत याहून निराळं काय होतं? १९५६च्या वारसा कायद्याने मुलीला बापाच्या स्वतःच्या मालमत्तेत बरोबरीचा हिस्सा दिला, पण वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत जन्माने हक्क मुलांचाच राहिला. महाराष्ट्राने १९९४ साली तो मुलींना दिला, देशभर तो २००५ साली आला, आणि बाप त्या तारखेला जिवंत असो वा नसो, मुलीचा हक्क जन्मापासूनच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं. कायदे झाले. तरी एक कागद असा आहे की त्यावर हिंदू-मुसलमान दोघांच्या बहिणी सारख्याच सह्या करतात. हक्कसोडपत्र. त्याच्या बदल्यात माहेर उघडं राहतं. दिवाळीला भाऊबीज, ईदला चोळी-बांगडी, आजारपणात चार दिवस विसावा. याची किंमत एकरात काढली तर मराठी मुलखातलं सर्वांत महागडं लुगडं कुठलं, हे सहज कळेल.

आमच्या घरातही तो कागद झाला होता. आजोबा गेले तेव्हा मी फार लहान होतो. आजी आधीच गेलेली. मागे अब्बा, चाचा आणि एक फुफी. जमीन साडेसात एकर. शरीयतप्रमाणे पाच वाटे व्हायचे, दोघा भावांचे दोन-दोन आणि बहिणीचा एक. म्हणजे फुफीचा दीड एकर. तिने अंगठा दिला आणि सातबाऱ्यावर दोन नावं लागली. पुढे ती विधवा झाली. तालुक्याच्या गावी लोकांच्या गोधड्या शिवून तिने दोन मुलं वाढवली. मी कॉलेजात असताना सुट्टीत तिच्याकडे जायचो. ती टाके घालता घालता गावच्या विहिरीच्या, आंब्याच्या गोष्टी सांगायची. एकदा मी तिला त्या दीड एकराबद्दल विचारलं. सुई न थांबवता म्हणाली, ‘मेरे नसीब में नई था, बाबा.’ मी तेव्हा कविता लिहायला लागलो होतो, पण अरबीचा शब्दार्थ मला ठाऊक नव्हता. तो कळल्यानंतर हे वाक्य मला कधी नुसतं ऐकू आलं नाही. ती म्हणत होती ते अक्षरशः असं होतं, की माझ्या वाट्यात माझा वाटा नव्हता.

भावाच्या निम्मा का, हा प्रश्न मला पडतो, आणि तो विचारायलाच हवा असं मी मानतो. मौलवींशी त्यावर वादही घालतो. पण आमच्या पंचक्रोशीत भांडण निम्म्यापर्यंत पोचलेलं मी तरी पाहिलं नाही. ते शून्यावरच अडलेलं असतं. वाजात तलाकवर तासभर बोलणारे वारशाच्या आयतीला आले की त्यांना नमाजची वेळ आठवते.

अब्बा गेले तेव्हा चाळिसावा व्हायच्या आत माझ्या धाकट्या बहिणीने एका मुफ्तींकडून वाटणीचा कागद लिहून आणला. ती शाळेत गणित शिकवते. कागद उर्दूत होता. एकूण चाळीस सहम, म्हणजे तेच जुने बाण. अम्माचे पाच, आम्हा दोघा भावांचे चौदा-चौदा, बहिणीचे सात. तिने खाली मराठीत बेरीज करून चाळीस जुळतात हे दाखवलं आणि कागद फिरवला. घर विकायचं नव्हतं. बाजारभावाने किंमत काढली. बहिणीचे सात वाटे अब्बांच्या ठेवीतून आणि आम्हा दोघांच्या खिशातून वर्षभरात पुरे केले. अम्माला उर्दू वाचता येतं. तिने पाचाच्या आकड्यावर बोट ठेवून विचारलं, ‘ये मेरे पांच किदर हैं? घर में की बैंक में?’ पन्नास वर्षं त्या घरात राहून हा प्रश्न तिने पहिल्यांदा विचारला होता. बहिणीने फूटपट्टी काढली, घराचा नकाशा पुढे ओढला आणि रस्त्याकडची खोली आखून दिली. त्या खोलीचा विजेचा मीटर आता अम्माच्या नावावर आहे आणि बिल ती स्वतः भरते.